भिंतीपलीकडचे पाच कोंबडे

मामा, तुमचं उपरणं मी दोनदा धुतलं. पहिल्यांदा साध्या पाण्यात, मग रिठ्याच्या. काठाजवळचा तांबूस डाग फिका झाला, पण गेला नाही. भेटायला आलेल्या एका पाहुणीने तो पाहिला आणि हळहळली. तिला वाटलं, दवाखान्यातला असेल. तो डाग कोंबड्याचा आहे. तो कसा लागला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला ते उपरणं घडी घालून कपाटात ठेवता येईना, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला या सुनेची लांबण आवडायची नाही. "मास्तरीण, धडा नको, उत्तर सांग," असं म्हणायचात. आज मात्र धडा ऐकावा लागेल.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे. पण घरात आलेल्या प्रत्येक माणसाला ती कुणीतरी वेगळीच सांगत होतं, म्हणून खरी होती ती एकदा लिहून ठेवते. शेजारच्या रुक्मिणबाईंची तांबडी कोंबडी दिसेनाशी झाली होती. त्यांनी मुंगसाच्या नावाने बोटं मोडून विषय संपवला होता. एका सकाळी माझ्या परसात, आपल्या कापडाच्या दुकानातली जुनी फडताळं काढून टाकली त्या फळ्यांच्या मागे, ती मला दिसली. अंग फुगवून बसली होती. मला काय करावं कळेना. आपलं लिंगायत वाण्याचं घर. अंडं ज्या घराचा उंबरा कधी ओलांडून आलं नाही, त्या घराच्या परसात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी घराच्या मधल्या भिंतीवरून पलीकडे तुम्हाला हाक मारली. तुम्ही मागच्या बोळातून वळसा घालून आलात, कपाळावर विभूती ताजी होती. वाकून पाहिलंत. ती गुरगुरली तसे एक पाऊल मागे सरलात आणि हळू आवाजात म्हणालात, "बसू दे तिला. बाळंतीण हाय."

पिल्लं निघाली तेव्हा रुक्मिणबाई पिल्लं झाकायचं बांबूचं डालगं घेऊन आल्या. नऊ पिल्लं होती. त्यांनी पिल्लांकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बाजेवर बसून ज्वारीच्या कण्या चिमटीने सोडत होता आणि एक पिल्लू तुमच्या चपलेवर चढलं होतं. रुक्मिणबाई हसल्या. म्हणाल्या, "राहू द्या अप्पा, तुमच्या घरात जन्मली, तुमचीच. माझ्याकडं नेली तर आखाडाला एकेक कढईत जाईल." त्या चेष्टेने म्हणाल्या, पण तुमचा चेहरा बदलला. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत, त्या तांबड्या कोंबडीकडे पाहून बोललात: "माझ्या दारात जन्मल्यालं सुरीखाली जानार न्हाई." तेव्हापासून गल्लीत म्हणायचे, अप्पांनी कोंबडीला शब्द दिलाय. पिल्लांसाठी तांबडीही आपल्याकडेच राहिली, अंडी तेवढी रुक्मिणबाईंकडे जायची.

त्या शब्दाने आपल्याला किती अडचणीत आणलं! आणि मला काय दिलं, तेही सांगते. तोवर तुम्ही थोरल्या भावजींच्या अर्ध्या घरातून माझ्या अर्ध्या घरात सणावारालाच यायचात. पाहुण्यासारखे बसायचात, दूध प्यायचात आणि जायचात. पिल्लं झाल्यावर रोज यायला लागलात. लिंगपूजा आटोपली की बोळातून तुमची काठी वाजायची. बाज माझ्या परसात आली ती कायमची. मी शाळेला निघताना तुम्ही बसलेले असायचात, आल्यावरही असायचात. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तुमच्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या एका पावसाळ्यात बोलले.

आपली पहिली चूक आपल्यासारख्यांनाच होणारी होती. आपल्या चाकूर गावातल्या दुसऱ्या कुठल्याही आवारात, पिल्लाला नीट पिसं फुटायच्या आत, कोंबडा कोण आणि तलंग कोण हे घरातल्या लहान पोरालाही कळलं असतं. आपल्या घरात ते कुणालाच कळत नव्हतं. तुम्ही सगळ्यांना मुलीच समजून चाललात आणि त्यांना कापडांची नावं दिलीत. पांढुरकी होती ती मलमल. ठिपक्यांची ती छीट. आडदांड, मळखाऊ रंगाचा होता तो मांजरपाट, आणि तोही तुमच्या लेखी मुलगीच. मग एका सकाळी तुम्ही डोळे मिटून पूजेला बसला असताना भिंतीपलीकडून मांजरपाटने घसा फाटल्यासारखी बांग दिली. हातातलं लिंग तसंच धरून तुम्ही थोरल्या सुनेला, अक्कांना म्हणालात म्हणे, "ही काय भानगड?" पुढच्या दिवसांत एकेक करत पाच जणांनी बांग दिली. मलमलनेही, तशाच फाटक्या सुरात, आणि छिटीनेही. रुक्मिणबाई पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, एका आवारात पाच कोंबडे नांदत नाहीत. एक ठेवा, चार द्या. द्यायचे म्हणजे कशाला, हे त्यांना सांगावं लागलं नाही आणि तुम्हाला विचारावं लागलं नाही.

म्हणून त्यांची भांडणं मिटवणं हा आपल्या घरी शब्दाचा प्रश्न झाला. ते नांदले तरच वाचणार होते.

लहान होते तेव्हा त्यांचं भांडण खेळासारखं दिसायचं. छातीला छाती लावायचे आणि विसरून जायचे. मग मानेची पिसं छत्रीसारखी उभी राहायला लागली. दोघं समोरासमोर मान खाली घालून उभे राहायचे, जसं काही दोघांचं एकच नाणं मातीत पडलंय. मग एकदम उडी. मी घाबरून "मामाऽ" म्हणायची आणि तुम्ही बाजेवरून न उठता खांद्यावरचं उपरणं काढून झटकायचात. गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडावं तसं ते हवेत पूर्ण उघडायचं आणि अलगद दोघांवर पडायचं. खाली अंधार झाला की दोघं गप्प. थोड्या वेळाने उपरणं काढलं की कशासाठी भांडत होतो हे विसरल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना चालते व्हायचे. हे तुम्हाला कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणालात, "कुनी न्हाई. हाताला कापडच येतंय, दुसरं काय येतंय?"

मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तक शोधलं. लातूरला गेले तेव्हा कुक्कुटपालनाचं एक जाडजूड आणलं. त्यात हजार-हजार पक्ष्यांच्या शेडचा हिशोब होता, आणि भांडणावर उपाय म्हणून चोचीचं टोक कापायची पद्धत दिली होती. ते वाचून दाखवलं तसं तुम्ही म्हणालात, "परत करून ये ते." मी परत केलं नाही. त्यातल्या बारक्या बारक्या गोष्टी उपयोगाच्या होत्या. पाणी दोन ठिकाणी ठेवायचं, दाणा पसरून टाकायचा, म्हणजे एकालाच राखण करून बसता येत नाही. हे तुम्हाला लगेच पटलं. दुकानात गर्दी झाली की आपण दोन्ही बाजूंनी माल दाखवायचो, तसंच हे, असं म्हणालात. मार चुकवायला आडोसे हवेत म्हणून आपण त्याच जुन्या फळ्या भिंतीला तिरक्या टेकवल्या. मेथीची जुडी दोरीने अशी उंच टांगली की तिला चोच मारायला मान ताणावी लागावी. चोचीला काम मिळालं की ती दुसऱ्याच्या तुऱ्याकडे कमी वळायची. तुम्ही ती जुडी रोज बदलायचात आणि भाजीवाली विचारायची की अप्पांच्या घरी एवढी मेथी कोण खातं.

तरी मलमल मार खात राहिला.

त्याचा तुरा फाटला तेव्हा रक्त बघून बाकीचेही धावले. हे मी वाचलं होतं, पण पाहिलं तेव्हा वाचल्याचा काही उपयोग झाला नाही. तुम्ही त्याला उचललंत, धुतलंत, हळद भरलीत आणि बाजेशेजारी डालग्याखाली ठेवलंत. आपल्या हाताने दाणा दिलात. जखम भरल्यावर परत सोडलंत. मांजरपाटने त्याला आधीपेक्षा जास्त मारलं. तुम्ही पुन्हा त्याला उचललंत. असं किती वेळा झालं, मला आठवत नाही. आठवतो तो आपला वाद.

मी म्हणाले, "मामा, मार खातो त्याला का काढता? जो मारतो त्याला काढा."

तुम्ही म्हणालात, "मार खानाऱ्याला तिथं कसं ठेवू? पटत न्हाई जीवाला."

"तुम्ही काढता तेव्हा त्याची जागा जाते. परत येतो तेव्हा तो परका झालेला असतो. मग सगळेच मारतात."

मला आठवतं, माझा आवाज चढला होता. वर्गातही माझा आवाज चढत नाही. तुम्ही हातातल्या कण्या खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिलात. मी घरात निघून गेले आणि उगीच भांडी घासत बसले.

आता जे त्या दिवशी बोलले नाही ते बोलते. मी लग्न होऊन आले तेव्हा भिंत नव्हती. एक घर होतं, एक चूल होती, आणि माझ्या जाऊबाई, आपल्या अक्का, त्या चुलीच्या मालकीण होत्या. त्या उंच, देखण्या, कामाला वाघ. मी हळू चालणारी, हातात पुस्तक असणारी. "वाचून भाकरी फुगती का गं?" हे त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ आहे, कारण माझी भाकरी खरंच फुगली नव्हती. मी उलट बोलत नव्हते. न बोलणाऱ्याला जास्त लागतं, हे तुम्ही पाहत होता. सोप्यात बसून तुम्ही सगळं पाहत होता. मग एक दिवस गवंडी आले. घराच्या मधून आणि पुढे परसातून भिंत उभी राहिली. बेलाचं झाड, विहीर आणि देवघर तिकडे गेलं, फळ्या आणि मोकळी जमीन इकडे. तुम्ही मोठ्या लेकाकडे राहिलात. गल्लीत सगळे म्हणाले, अप्पांनी शहाणपणा केला, भांडणाआधीच वाटणी केली. आमचे हे तर खूश झाले. मला मात्र डालग्याखाली ठेवल्यासारखं वाटलं. तुमच्या मायेने ठेवलं होतं हे कळत होतं, म्हणून तर तक्रारही करता येईना. त्यानंतर दिवाळीला मी पलीकडे गेले की पाट मांडून बसवायचे. त्या घरात मी पुन्हा कधी स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायले नाही.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मलमलबद्दल सांगितलं.

तुम्हाला कळलं होतं का? त्या भांडणानंतर एका संध्याकाळी आपण दोघं नुसते बसलो होतो, तेव्हा तुम्ही एकदम म्हणालात, "त्या टायमाला मला दुसरं सुचलं न्हाई." मी मान डोलावली. तुम्ही कोंबड्याबद्दल बोलत होता की भिंतीबद्दल, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मला वाटलं, अर्धं सांगितलेलं पुरे आहे. आजही मला तसंच वाटतं.

एक गोष्ट मात्र आपण दोघांनीही टाळली. त्याच पुस्तकात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की कोंबड्या नजरेआड असतील तर नुसते कोंबडे बऱ्यापैकी एकत्र राहतात. मी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, "दुसरं आवार कुठून आनू?" मग तुम्ही भिंतीकडे पाहिलंत आणि मीही पाहिलं. भिंतीपलीकडे अक्कांचं शेणाने सारवलेलं, रोज रांगोळी पडणारं परस होतं. कोंबडीचं पीस उडून तिकडे गेलं तरी त्या ते चिमट्याने उचलून परत टाकायच्या. आपण दोघांनी विषय बदलला.

मग तुमचा दम वाढला आणि तुम्हाला लातूरला नेलं. दवाखान्यात मी खुर्चीत वाचत बसायची आणि तुम्ही डोळे मिटून पडलेले असायचात. एका दुपारी डोळे न उघडता विचारलंत, "भांडायलेत का?"

मी म्हणाले, "भांडायलेत."

तुम्ही हसलात. नळ्यांमधूनही ते हसू नीट दिसलं. म्हणालात, "मग ठीक हाय. जिवंत हायेत."

आपलं शेवटचं बोलणं तेच. नंतर तुम्ही काही बोललात ते ह्यांच्याशी आणि भावजींशी, पाण्याबद्दल आणि उशीबद्दल.

तुम्हाला बसवून, फुलं आणि विभूती वाहून भूमी दिली. पुढचे दिवस माणसांचे होते. दोन्ही घरं भरून गेली. परसात कोणी पाय धुवायला आलं की कोंबडे अंगावर धावायचे, कारण उपरणं टाकणारा माणूस नव्हता. मी दोनदा टाकून पाहिलं. माझ्या हातात ते चोळामोळा होऊन नुसतं पडायचं आणि ते त्याच्याभोवती फिरून भांडायचे. पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. कार्याला मठाचे स्वामी जेवायला येणार आणि मागे रक्ताळलेले कोंबडे फिरतायत. भावजींना ते लागलं. त्यांनी बाजारातल्या एका माणसाला सांगून ठेवलं की कार्य उरकलं की येऊन पाचही घेऊन जा. मला त्यांनी हे नीट, शांतपणे सांगितलं. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "अप्पा होते तोवर ठीक होतं. आता तूच सांग, कोण बघणार?" शब्द तुमचा होता, आवार माझं होतं, आणि माझ्या आवारात ते नांदत नव्हते.

स्वामींचं जेवण झालं, ते गेले, आणि तो माणूस आला. स्कूटरच्या मागे जाळीचा पिंजरा बांधलेला होता. तो परसात शिरला तशा कोंबड्या फडफडल्या आणि त्या गोंधळात मांजरपाट मलमलवर तुटून पडला. तुरा पुन्हा फाटला. तो माणूस म्हणाला, "बगा, असं एकमेकाला मारून मरनार. त्यापेक्षा न्हेलेलं बरं." सगळे दारात उभे राहून बघत होते. मीही. मला सगळे उपाय माहीत होते आणि माझा हात हलत नव्हता.

अक्का तेव्हा बोळातून आल्या. हातात धुतलेल्या ताटांची चळत होती. त्यांनी ती बाजेवर ठेवली. दोरीवर तुमचं उपरणं वाळत होतं ते ओढलं, दोन्ही टोकं धरून एकदा झटकलं, आणि मामा, ते हवेत उघडलं. अगदी तुमच्यासारखं. त्या दुकानात नव्हत्या कधी बसल्या. पण दोघांवर ते बरोबर पडलं आणि परस गप्प झालं. मग त्यांनी वाकून उपरण्यासकट मलमलला उचललं आणि छातीशी धरलं. अंगावर स्वयंपाकाचं सोवळं होतं. डाग लागला तो तेव्हा.

भावजींना त्या म्हणाल्या, "त्या मानसाला जाऊ द्या."

"अगं, पाच कोंबडे ठेवायचे कुठं?"

"माझ्याकडं. बेलाखाली. कोंबड्या दिसल्या न्हाईत तर एवढे भांडत न्हाईत."

"कुणी सांगितलं तुला?"

त्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ही मामांना सांगत होती. भिंत हाय म्हणून ऐकू येत न्हाई का?" मग म्हणाल्या, "आनि मामांनी शब्द दिल्याला हाय."

"कुणाला?"

त्यांनी तांबड्या कोंबडीकडे बोट केलं. "तिला."

दारातल्या गर्दीत कुणीतरी हसलं आणि हसण्याचे दिवस नाहीत हे आठवून थांबलं. तो माणूस रिकामा पिंजरा घेऊन गेला. आणि मी तिथेच उभी होते, कारण मला एवढंच ऐकू येत होतं की त्या सगळं ऐकत होत्या. तो पूर्ण पावसाळा. मार खातो त्याला का काढता. जो मारतो त्याला काढा. परका झालेला असतो. सगळं.

संध्याकाळी आम्ही दोघी मिळून कोंबडे पलीकडे नेले. एकेकाला उपरण्यात गुंडाळून, बोळातून. मी फळ्या उचलून नेल्या आणि त्यांच्या भिंतीला तिरक्या टेकवल्या. पाणी दोन ठिकाणी ठेवलं. त्यांच्या सारवलेल्या जमिनीवर कोंबड्यांच्या नखांचे ओरखडे उठत होते आणि त्या नुसत्या बघत होत्या. पुस्तकातलं खरं ठरलं, पण पूर्ण नाही. चौघे निवळले. मांजरपाट मात्र पहिल्या दिवसापासून मलमलच्या मागे लागला. अक्का मलमलला उचलायला वाकल्या. मी म्हणाले, "अक्का, त्याला नको."

त्या वाकलेल्याच राहिल्या. "मारनाऱ्याला काढायचं, न्हवं का?"

"हो."

त्यांनी मांजरपाटला पकडलं. त्याने हाताला चोच मारली, त्यांनी त्याला एक शिवी दिली. तुमच्यासमोर त्यांनी ती कधीच दिली नसती. त्याला डालग्याखाली घालून वर दगड ठेवला. मग पदराने हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला घालाय एवढं मोठं डालगं भेटलं न्हाई मामांना. म्हणून तुला काढलं."

मामा, मी हसले. आधी हसले आणि मग रडले, आणि त्या म्हणाल्या, "बास गं, कोंबडे घाबरतेत." आम्ही दोघी तुमच्या नावाने एकत्र रडलो ते तेव्हा. त्याआधी त्या तिकडे रडत होत्या आणि मी इकडे.

मांजरपाट काही दिवस डालग्याखाली राहिला. दाणापाणी त्याला आतच मिळायचं, आणि बाहेर बाकीचे चौघे आपली नवी रीत बसवत होते. मलमल पहिल्यांदाच पोटभर खायला लागला. मग मांजरपाटला सोडलं तेव्हा तोच परका झालेला होता. आल्या आल्या छिटीने त्याला एक टोचा दिला आणि तो फळीमागे जाऊन उभा राहिला. आता ते पाचही बेलाखाली झोपतात. मलमलचा तुरा वाकडा भरला आहे. तो सगळ्यात आधी बांग देतो, आणि सूर अजूनही तसाच फाटका आहे.

तर आपल्या वादाचा निकाल लागला असं मी म्हणू शकले असते. म्हणणार नाही. मारणाऱ्याला काढायचं हे माझं खरं ठरलं. पण मारत असताना आधी वर काय टाकायचं, हे मला कुठे माहीत होतं? ते तुमच्याकडून आलं, आणि माझ्या हाताला नाही, अक्कांच्या हाताला आलं. भिंतीचंही मला आता नीट ठरवता येत नाही. ती नसती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. आणि ती नसती तर हे पाच जण वाचले नसते. ही दोन वाक्यं मी शेजारीशेजारी ठेवते आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. राहू देत. अजूनही मला वाटतं, मामा, की तेव्हा तुम्ही मला विचारायला हवं होतं. एवढंच. विचारलं असतं तर कदाचित मीच भिंत मागितली असती.

रुक्मिणबाई परवा अक्कांच्या परसात डोकावल्या. बेलाचं झाड, त्याखाली पाच कोंबडे ओळीने, आणि कपाळाला विभूती लावलेल्या अक्का कण्या टाकतायत. म्हणाल्या, "अक्का, मठ काढलाव की." त्या ताक मागायला आल्या होत्या, ते अक्कांनी दिलं नाही. मग हाक मारून दिलं.

अंडी पूर्वीसारखी रुक्मिणबाईंकडेच जातात. तांबडी पुन्हा अंग फुगवून बसायला बघते आहे, आणि यावर आमच्या दोघींचं जोरात चाललंय. आता अंड्याला कोंबडाच नाही तेव्हा ती बसून उपयोग नाही, तिला उठवा, असं माझं म्हणणं. अक्का म्हणतात, रुक्मिणबाईंकडून चार अंडी आणून तिच्याखाली ठेवू. मी म्हणते, पुन्हा कोंबडे निघाले तर? त्या म्हणतात, बेल काय छोटा हाय का? मी म्हणते, बेल मोठा आहे म्हणून काय झालं, तुम्हाला काही सांगितलेलं ऐकू येत नाही. त्या म्हणतात, लई वाचून ठेवलंस तू. हे सगळं आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी मोठ्याने बोलतो, बोळातून जाणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मी अक्कांना उलट बोलले नव्हते. आता बोलते. त्या पण बोलतात. आणि चहाच्या वेळी बोळातून येऊन तुमच्या बाजेवर बसतात, तुमच्याच जागी, आणि पाणी लागलं तर मी पलीकडच्या विहिरीवर जाऊन आपल्या हाताने काढून पिते.

उपरण्याचा डाग राहू देते. ते कपाटातही ठेवत नाही, आज लिहिताना ठरवलं. बाजेवरच्या दोरीवर राहील. लागतं अधूनमधून.

भांडायलेत, मामा. तिकडे ते, आणि इकडे आम्ही.